कणगीतली लेकरं

देवी येऊन गेल्याशिवाय लेकराला आपलं म्हणायचं नाही, असं माझी आजी म्हणायची. भाकरी थापता थापता ती हे सहज बोलून जायची आणि आम्हा नातवंडांना त्यात काही भयंकर आहे हे कळायचंही नाही. तिचं माहेर पाटोद्याकडचं, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातलं. ती सहा-सात वर्षांची असताना गावात देवीची लस टोचणारा आला. बरोबर तहसिलीचा चपराशी, पुढे पाटलाचा माणूस. दवंडी ऐकताच तिच्या आईने तिला आणि तिच्या दोन धाकट्या भावांना ज्वारीच्या कणगीत उतरवलं आणि वरून गोणपाट टाकलं. आत ज्वारीचा भुसा नाकात जात होता, धाकटा रडायला लागला की ही त्याच्या तोंडावर हात धरायची. बाहेर माणसं आली, विचारलं, आई म्हणाली, लेकरं मामाच्या गावाला गेली. माणसं निघून गेली.

पुढल्याच्या पुढल्या उन्हाळ्यात गावात देवी आल्या. दाराला लिंबाचे डहाळे, घरात फोडणी बंद, मोठ्याने बोलणं बंद. दोघे भाऊ एकाच आठवड्यात गेले. आजी राहिली, चेहऱ्यावर वण घेऊन. तिच्या आईने ती कणगी मोडून चुलीत घातली आणि पुन्हा घरात कणगी विणू दिली नाही. धान्य पोत्यांत राहायला लागलं.

ही गोष्ट आजीने आम्हाला अनेकदा सांगितली, पण आईला दोष देऊन कधी सांगितली नाही. ‘तिला काय ठावं? तिनं तर आमाला वाचवायलाच लपवलं की,’ एवढंच म्हणायची. मोठी झाल्यावर देवीच्या लसीचा इतिहास वाचला तेव्हा आजीच्या त्या वाक्याची किंमत मला कळली.

हिंदुस्थानात पहिली लस टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हा लस कुपीत भरून येत नसे. एका मुलाला टोचायचं, आठवड्याने त्याच्या दंडावर पुळी भरली की तिच्यातला द्रव काढून पुढच्या मुलाला टोचायचा. दंडावरून दंडावर अशी ती लस गावोगाव जायची. म्हणजे टोचलेलं एखादं लेकरू दुसऱ्या गावाला न्यावं लागे आणि तिथे त्याची ती दुखरी पुळी फोडावी लागे. कुठल्या आईला हे रुचेल? त्यात कुणाच्या अंगातलं पाणी कुणाच्या अंगात गेलं, ही जातीची भीती वेगळीच. पुढे वासरांवर वाढवलेली लस आली, तरी टोचण्याचं हत्यार क्रूरच राहिलं. एका दांड्याला बारीक दातांची चकती, ती दंडावर टेकवून गर्रकन फिरवायची. आमच्या घरातल्या जुन्या माणसांच्या हातांवर रुपयाएवढे गोल वण होते ते या चकतीचे. जखम चिघळायची, ताप यायचा, आणि टोचणारा तोवर तिसऱ्या गावाला पोहोचलेला असायचा. ताप भरलेल्या लेकराजवळ रात्र काढायची ती आईने एकटीने.

आजीच्या सासूबाईंनी प्लेग पाहिला होता. उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, रानात खोपटी घालायची आणि पाऊस येईपर्यंत तिथेच राहायचं, हे त्यांच्याकडून आजीकडे आणि आजीकडून आमच्याकडे आलं. त्या काळच्या पुण्याची हकीगत मराठी माणसाला ठाऊक आहे. १८९७ साली प्लेग कमिशनर रँडच्या हाताखालचे गोरे शिपाई घराघरांत घुसले. त्यांनी देवघरं तपासली, बायकांची अंगं तपासली, माणसं उचलून छावणीत नेली. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ, मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात चालत आल्या. तो मुलगा जगला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. सरकारला साथ आवरायची होती आणि सावित्रीबाईंनाही तेच हवं होतं. पण लोकांनी एकाला घराबाहेर ठेवण्यासाठी जीव दिला आणि दुसरीच्या पाठीवर आपलं लेकरू दिलं. लसीविषयी गावात जे जे घडलं, ते मी या फरकातूनच बघायला शिकले.

त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईत डॉक्टर वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० तारखेला सर्वांआधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला आज त्यांचं नाव आहे. पण त्याच लसीच्या वाट्याला १९०२ साली पंजाबातलं मुलकोवाल गाव आलं. तिथे एका दूषित बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि तो पुसला जायला पुढची चार-पाच वर्षं गेली. गावोगावच्या लोकांच्या मनात मात्र बातमीचा पहिला भागच राहिला. खेड्यातला माणूस सुईला घाबरतो तेव्हा त्याच्या घाबरण्यामागे कुठेतरी एखादं मुलकोवाल असतं, हे सुशिक्षितांनी विसरू नये.

माझ्या वडिलांच्या पिढीला वेगळी भीती भेटली. देवीचं उच्चाटन करण्याची राष्ट्रीय मोहीम १९६२ साली सुरू झाली. वडील सांगतात, चकती जाऊन दोन टोकांची बारीक सुई आली, तेव्हा दुखणं निम्म्याने कमी झालं. मग एक माणूस हातात देवीच्या पुरळाने भरलेल्या लेकराचा फोटो घेऊन शाळेत यायचा आणि विचारायचा, ‘असं कुणाच्या घरी आहे का?’ पोरांना त्या फोटोची भीती वाटायची, पण ती त्याला गावातली खडान्‌खडा बातमी द्यायची. मे १९७५ मध्ये आसामात करीमगंजला देवीची देशातली शेवटची रोगी सापडली. आजीने ही बातमी रेडिओवर ऐकली की कुणी सांगितली ते ठाऊक नाही, पण ‘देवी गेल्या’ म्हणून तिने अंगणात दिवा लावला होता, एवढं वडिलांना आठवतं. दोन भावांसाठी लावला असावा.

आणि लगेच पुढच्या वर्षी नसबंदीची जीप आली. आणीबाणी होती. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. ते पुढे अंमलात आलं नाही, पण गावात जे व्हायचं ते झालं. माझे चुलते सांगायचे, माळावरून धुरळा दिसला की माणसं औत सोडून ज्वारीत पळायची. शिक्षकांना आकडा, तलाठ्याला आकडा, ग्रामसेवकाला आकडा. आरोग्य खात्याची जीप, खात्याचाच माणूस, खात्याचीच सुई. कालपर्यंत देवी टोचायला यायचा तोच. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या भागात लेकराला लस द्यायची म्हटलं की आधी प्रश्न यायचा, ‘पुढं मूल व्हायचं बंद तर नाही होणार?’ पल्स पोलिओच्या दिवसांतही हा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकला आहे. त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांना १९७६ आठवत नाही.

आमच्या गावापासून जामखेड फार लांब नाही. तिथे १९७० साली डॉक्टर रजनीकांत आणि डॉक्टर मेबल आरोळे हे दांपत्य आलं आणि त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. गावोगावच्या बायकांनाच, त्यातल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. गावानेच निवडलेली बाई जामखेडला जाऊन शिकायची आणि गावात परत येऊन घरोघर फिरायची. आरोळ्यांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला त्या कामाची ओळख झाली ती माझ्या आत्याकडून. आत्याचं सासर जामखेड तालुक्यातलं. तिच्या थोरल्या मुलीला गोवर आला. आमच्याकडे गोवरही देवीचाच, म्हणून लेकराला अंघोळ नाही, औषध नाही, धड खायला-प्यायलाही नाही. तेव्हा गावातली आरोग्यसेविका दारात आली. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्या बाईला आत्याच्या सासूने ओट्याच्या खालीच थांबवलं असतं. त्या दिवशीही ती खालीच उभी राहिली. तिने देवीला नावं ठेवली नाहीत. म्हणाली, ‘सासूबाई, देवीची ओटी भरा, मी पण भरते. पर लेकराला पाणी तोडू नका. देवीला तहानलेलं लेकरू आवडत नाही.’ मग चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत ती अंगणात बसून राहिली. संध्याकाळी सासूने तिला घरात बोलावून चहा दिला. आत्याच्या धाकट्या मुलाला पुढे सगळ्या लसी वेळेवर मिळाल्या, कारण त्या बाईने सांगितलं होतं.

माझ्या चुलतभावाची बायको आमच्या गावात आशा आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि हजार लोकवस्तीमागे एक अशी गावचीच बाई नेमायचं ठरलं, त्यातली ती. दहावी शिकलेली, दोन लेकरांची आई. सगळं गाव तिला आशाताई म्हणतं, मी वहिनी म्हणते.

वहिनीचं काम समजायचं तर आमच्या भागाचं वर्ष समजून घ्यावं लागतं. दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली कोयती, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये चढतात आणि कोल्हापूर, सांगली, पार कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात. बरोबर भांडी, शेळी आणि लहान लेकरं. तिथे उसाच्या पाचटाच्या कोप्या. पहाटे अंधारात फडात जायचं, लेकरू बांधावर किंवा उसाच्या सावलीत. परत यायचं ते उन्हाळा लागल्यावर. बाळाच्या लसी असतात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, मग नवव्या महिन्याला गोवर-रुबेला आणि सोळाव्या महिन्यानंतर त्याचा दुसरा डोस. पावसाळ्यात जन्मलेल्या बाळाला नववा महिना लागतो तो ऊसतोडीच्या हंगामात किंवा हंगाम संपता संपता. घरी कार्डावर नोंद, आणि लेकरू तीनशे किलोमीटरवर.

म्हणून वहिनीचा हंगाम दसऱ्याच्या आधी सुरू होतो. कुठलं कोयतं कुठल्या कारखान्याला, मुकादम कोण, बाळाला नववा महिना कधी, हे सगळं तिच्या वहीत. प्रत्येक आईला ती माता-बालक कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून देते आणि रेशनकार्डाबरोबर ठेवायला सांगते, कारण रेशनकार्ड कुणी हरवत नाही. तारखेपेक्षा सण सांगते: ‘संक्रांत झाली की दंडात सुई घ्यायची, तिथल्या आशाला हे कार्ड दाखव, पैसे लागत नाहीत.’ मग संक्रांतीच्या सुमाराला स्वतःच्या फोनवरून त्या त्या आईला, नाही लागला तर मुकादमाला, नाही तर तिकडच्या आशाला गाठते. हे फोन कुठल्याही मोबदल्याच्या यादीत नाहीत.

एकदा तिच्याबरोबर मी वस्तीवर गेले होते. दीड महिन्याचं बाळ, आई कोवळी पोर, आणि उंबऱ्यात आडवी बसलेली आजेसासू. ‘आधीच्याला टोचलं तर रातभर रडलं. पाय सुजला. आता नको,’ म्हातारीने तोडून टाकलं. मला वाटलं, वहिनी आता लसीचे फायदे सांगेल. ती खाली बसली आणि म्हणाली, ‘खरंय, सुजला असंल. या सुईनं ताप येतोच. मांडीला गाठ पण येती, आठ-पंधरा दिवसांनी जाती. चोळायची नाही, हळद-तेल काही लावायचं नाही. माझ्या थोरल्यालाबी आली होती.’ म्हातारी गप्प झाली. तिला खोटं पाडलं जाईल अशी तिची तयारी होती, आणि समोरची तर तिचंच खरं म्हणत होती. मग म्हातारी तिच्या मनातला खरा प्रश्न बोलली, ‘रातीला ताप वाढला तर कोण यील?’

‘मी यीन,’ वहिनी म्हणाली.

अंगणवाडीत सत्र होतं. निळ्या डब्यात, थिजवलेल्या पाण्याच्या पाकिटांमध्ये लसींच्या कुप्या. गोवराची कुपी एकदा कालवली की चार तासांत वापरायची, उरली तर टाकून द्यायची, म्हणून नर्सबाई लेकरं गोळा होण्याची वाट बघत होत्या आणि वहिनी एकेका घराला हाक मारत होती. म्हातारी सगळ्यांत शेवटी आली, बाळाला पदराखाली घेऊन. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं असतं. नर्सबाईंनी आईला चार गोष्टी सांगितल्या: कुठली लस दिली, काय त्रास होईल, पुढची कधी, आणि कार्ड जपून ठेव. रात्री नऊच्या सुमाराला, स्वयंपाक आवरून, वहिनी बॅटरी घेऊन वस्तीवर गेली. मीही गेले. बाळाला ताप होता, अंग लाल झालेलं. तिने पॅरासिटामॉलचे थेंब मोजून दिले, बाळाचं जाड कुंचडं काढायला लावलं, आईला पाजायला बसवलं आणि ताप उतरेपर्यंत म्हातारीशी ज्वारीच्या भावाच्या गप्पा मारत बसली. दहाव्या आठवड्याला त्या घरी बोलवायला जावं लागलं नाही.

आजीच्या आईच्या दारातून टोचणारा निघून गेला होता. वहिनी त्याच गावात राहते, त्याच पाणवठ्यावर येते, तिचं लेकरू त्याच शाळेत जातं. चूक झाली तर तिला तोंड लपवायला जागा नाही, हे गावाला माहीत आहे. तिच्या शब्दाला वजन आहे ते यामुळे. पोस्टरला आणि मोबाईलच्या घोषणेला ते येत नाही.

करोनाच्या साथीत याची कसोटी लागली. १६ जानेवारी २०२१ला लसीकरण सुरू झालं ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून, म्हणजे वहिनीने गावात सर्वांआधी लस घेतली. तिला ताप आला. दुसऱ्या दिवशी गावातली माणसं काही ना काही निमित्त काढून ती जिवंत आहे ना, हे बघून गेली. तरीही म्हाताऱ्या माणसांनी दारं लावून घेतली. ती उघडली माझ्या चुलतआजीने. नव्वदीच्या घरातली ती बाई चावडीवर आली, लुगड्याचा पदर मागे सारून हातावरचा तो जुना गोल वण तिने सगळ्यांना दाखवला आणि म्हणाली, ‘हे टोचलं म्हणून मी हाय. ज्यांना नाही टोचलं त्यांची नावं सांगू का?’ आणि तिने खरोखरच नावं सांगायला सुरुवात केली. माझ्या आजीच्या दोन भावांचीही त्यात होती. त्या दिवशी चावडीवरच्या बहुतेक म्हाताऱ्यांनी लस घेतली.

देवी गेल्या. २०१४ साली पोलिओही गेल्याचं प्रमाणपत्र देशाला मिळालं. गोवर गेलेला नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीत, मालेगावात, भिवंडीत तो उसळला आणि लहान लेकरं दगावली. गोवर रोखायचा तर शंभरातल्या किमान ९५ मुलांना दोन्ही डोस मिळायला लागतात, इतका तो पसरणारा आहे. उरलेली लेकरं सहसा कुठे असतात हे वहिनीच्या वहीत आहे: कोप्यांत, वीटभट्टीवर, मेंढरांच्या कळपामागे, शहराच्या कडेच्या झोपडपट्टीत.

आणि वहिनीला काय मिळतं? बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं तर शंभर रुपये, दुसऱ्या वर्षापर्यंतचं झालं तर पंचाहत्तर. इतर कामांचे असेच तुकडे, वर राज्याचा काही मोबदला, तोही पुष्कळदा महिनोन्‌महिने थकलेला. कागदावर ती स्वयंसेविका आहे, कर्मचारी नाही. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाख आशांचा गौरव केला. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा आझाद मैदानावर उन्हात बसल्या होत्या. हा अन्याय आहे, आणि तो आपण सर्वांनी चालवून घेतलेला आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर असेल, कुणी उसाचा शेतकरी, कुणी वीटभट्टीचा मालक. दिवाळीनंतर तुमच्या शिवारात कोप्या पडतील. मुकादमाला टोळीतल्या पाच वर्षांखालच्या लेकरांची यादी मागा, ती जवळच्या आरोग्य उपकेंद्रात द्या आणि सत्राच्या दिवशी त्या आयांची अर्ध्या दिवसाची मजुरी कापू नका. आणि गावच्या आशाताईचा मोबदला किती महिन्यांचा थकला आहे, हे पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा.